शामूला आपण घालवलं

आई, तुला जाऊन चौदा दिवस झाले. लोणावळ्याच्या या घरात रोज कोणी ना कोणी येतं, उंबऱ्यातच डोळ्यांना पदर लावतं आणि म्हणतं, "माउली होती हो तुमची आई." मी मान हलवते. खोटं नाहीच ते. बाळंतपणात गेलेल्या शेजारणीचं पोर तू माझ्याबरोबर अंगावर पाजलंस, हे सगळ्या कामशेतला ठाऊक आहे. पण इथे येणाऱ्यांना सॅम्युएल ठाऊक नाही. आबा गेले. मामाच्या तर तो लक्षातही नसेल. तुझ्यामाझ्यात तेरा वर्षं त्याचं नाव निघालं नाही, आणि निघालं तेव्हा तुझे पाच दिवस उरले होते.

म्हणून लिहिते आहे. तुला वाचता येत नव्हतं. आता त्याने काही अडत नाही.

पानशेत फुटलं त्या पावसाळ्यात आबा त्याला घरी घेऊन आले. आबा तेव्हा कामशेतजवळच्या भाताच्या सरकारी मळ्यावर कामाला होते. केनियाहून पुण्याला शेतकी शिकायला आलेला हा मुलगा शेवटच्या वर्षाला होता, मावळातल्या भातावर त्याला प्रबंध लिहायचा होता आणि पुण्यातली त्याची नदीकाठची खोली पुरात गेली होती. एक पत्र्याची ट्रंक, भिजून फुगलेली चार पुस्तकं, आणि उंची एवढी की आत येताना कपाळ चौकटीवर आपटलं. तू चुलीपुढून उठलीस, त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलंस आणि आबांना म्हणालीस, "येवढं लांब पोर निजवायचं कुटं?"

पोर म्हणालीस. पाहुणा नाही, साहेब नाही. तिथेच त्याचं राहणं ठरलं.

सॅम्युएल तुझ्या तोंडात बसेना. आठवड्याभरात त्याचा शामू झाला. त्याने मला विचारलं, शाम म्हणजे काय? मी सांगितलं, काळा, कृष्णाचं नाव आहे. तो मांडीवर थापा मारत हसला. माझ्याशी तो इंग्रजीत बोलायचा, कारण माझी मॅट्रिक इंग्रजीत अडकली होती आणि ती सोडवायचं त्याने मनावर घेतलं होतं. ऑक्टोबरच्या परीक्षेला मी सुटले ती त्याच्यामुळे. पण मराठी तो तुझ्याकडून शिकला. तुझ्या मागेमागे हिंडत, आडावर, गोठ्यात, चुलीपुढे. पुण्याच्या कॉलेजात तो प्राध्यापकांसमोर "मला न्हाई ठावं, लय अवघड हाय" म्हणाला तेव्हा अख्खा वर्ग हसला होता. तो घरी येऊन तुलाच सांगू लागला, "आई, तितं समदी हसली." तू म्हणालीस, "हसू दे. त्यांची मराठी दुकानातली, तुजी घरातली."

त्याच्या प्रबंधासाठी तो आवणीला, भाताची रोपं लावायला, बायकांच्या रांगेत उतरला. दिवाळीला तू त्याला पाटावर बसवून तेल चोळलंस. त्याच्या केसांत फणी शिरेना तेव्हा म्हणालीस, "ह्ये डोस्कं न्हवं, करवंदीची जाळी हाय." तो डोळे मिटून बसला होता. त्याची आई तो लहान असतानाच गेली होती, हे त्याने त्याच दिवशी सांगितलं. घरी फक्त म्हातारा बाप होता, आणि त्याने गुरं विकून मुलाला बोटीवर चढवलं होतं.

तेव्हा तू त्याच्यासाठी भांडायचीस. पलीकडच्या चिंधाकाकूने आडावर सगळ्यांसमोर विचारलं होतं, "कुटून आनलास गं ह्यो राकुस?" तू घागर खाली न ठेवता म्हणालीस, "राकुस हाय, पर तुज्या मालकावानी बायकूवर हात न्हाई टाकत." काकूने वर्षभर तुझं तोंड पाहिलं नाही. तुझी ती जीभ! मला तिचा केवढा अभिमान वाटायचा. तिला धार असली की ती कुठल्याही बाजूने कापते, हे मला कळायचं होतं.

शिवरात्र झाली आणि मामा आला. पवनेकडच्या त्याच्या गावाहून पायी, धोतर गुडघ्यापर्यंत धुळीने भरलेलं. लोणावळ्याला रेल्वेत कारकून असलेल्या मुलाचं स्थळ त्याने आणलं होतं. मला एकविसावं सरत होतं. त्याआधी दोन स्थळं परत गेली होती, आणि दुसऱ्याने का नकार दिला ते मामाने त्या दिवशी उघड सांगितलं.

"इचारत व्हते, घरात त्यो काळा कोन निजतो? म्या काय सांगू? तरणी पोर हाय घरात."

आबा म्हणाले, "अरे, विद्यार्थी आहे तो. परीक्षा महिन्यावर आली त्याची. ती झाली की बोटीने जाणारच आहे."

"मंग पोरीला जलमभर परीक्षेलाच बशीव," मामा म्हणाला. "पावनं येत्याल तवा त्यो हितं दिसता कामा नये. त्याचं कापडसुद्दा वाळत दिसता कामा नये."

तू तांदूळ निवडत होतीस. मी माजघराच्या दाराआड उभी होते आणि माझ्या मनात काय आलं ते मी आज लिहिते. मला वाटलं, मामा बरोबर बोलतोय. मला वाटलं, एकदाचा जाऊ दे हा.

दुसऱ्या दिवशी तो ओटीवर वह्या पसरून बसला होता. तू पदराला हात पुसत बाहेर आलीस, मी तुझ्या मागे.

"शामू, तुजं सामान आवर."

"कशापायी, आई?"

"शकूला बगाया पावनं येनार हायत."

तो खूश झाला. "मंग म्या आडाचं पानी भरतो. चा नेऊन देतो. शकू, साडी निळी नेस."

"न्हाई. तू दिसायचा न्हाईस."

त्याला ती थट्टाच वाटली. तुझ्या थट्टेची त्याला सवय होती. तो हसला, माझ्याकडे पाहिलं, मी हसत नाही हे पाहिलं, आणि मग त्याचं हसू हळूहळू उतरलं. त्याने एवढंच विचारलं, "किती दिस?"

"लगीन ठरस्तवर. मळ्यावरच्या गुदामात जागा हाय, ह्ये बोललेत तितं."

आबा बोलले नव्हते. त्यांना तू नंतर सांगितलंस. गुदाम म्हणजे बियाण्याची पोती ठेवायची पत्र्याची शेड, गावापासून दीड मैलावर, फाल्गुनात भाजून काढणारी. तो संध्याकाळच्या आत गेला. ट्रंक डोक्यावर, वह्या काखेत. जाताना चुलीपर्यंत आला आणि म्हणाला, "येतो, आई." चूल चांगली पेटलेली होती, तरी तू फुंकणीने फुंकत राहिलीस. मान वर केली नाहीस.

आठ दिवस आबा रोज त्याची भाकरी घेऊन गेले. मग मामाचा निरोप आला की गाव बघतंय, कशाला संबंध ठेवता? तू भाकरी बांधणं थांबवलंस. आबा त्या दिवशी जेवले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी जेवले. आपण तिघंही तशीच होतो, आई. एक वेळ उपाशी राहण्याइतकी चांगली. तो तीन दगडांवर काहीतरी शिजवून खातो असं कळलं. मी एकदाही तिकडे गेले नाही. मला उन्हात जाऊ नकोस म्हणून सांगितलेलं होतं, रंग रापेल म्हणून, आणि ते कारण मला पुरलं.

पाहुणे एका गुरुवारी दुपारी आले. मुलगा, त्याचे वडील आणि आत्या. मी पोह्यांचं तबक घेऊन बाहेर आले. मुलाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. आत्याबाई माझ्या पायांकडे पाहत होत्या. तुझा जीव कुठे गोळा झाला होता ते मला दिसत होतं. तिसरं स्थळही उठून चाललं होतं.

तेवढ्यात अंगणातून हाक आली. "आई!"

पाहुणे आज येणार हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. तो पोस्टात घरची पत्रं आहेत का बघायला गेला होता आणि तिथून सरळ आला होता. दाढी वाढलेली, सदरा घामाने अंगाला चिकटलेला. हातात तारेचा कागद होता. ओटीवर कोण बसलंय ते त्याने पाहिलंच नाही. त्याला फक्त तू दिसत होतीस.

"आई, माजा बाप गेला."

इतकं स्वच्छ बोलला. आपल्या गावातल्या कुठल्याही पोराने म्हटलं असतं तसं.

आत्याबाईंनी पदर सावरला. "अगं बया! कोण हा?"

किती वेळ गेला असेल? तू श्वास घेतलास तेवढाच. मग तू हसलीस, आडावर हसायचीस तशी, आणि म्हणालीस, "मळ्यावरचा गडी हाय. रजा पायजे आसंल. ह्यांचं बाप म्हयन्याला मरत्यात."

सगळे हसले. मुलाचे वडील ठसका लागेपर्यंत हसले. मुलगा तर खदाखदा हसला, त्याच्या बशीतले पोहे सांडले. आबा कपातल्या चहाकडे बघत बसले.

आणि मी हसले. आई, तू मला हसायला सांगितलं नव्हतंस. तुझं बोलणं खोडायला मी उठले नाही याचं एक वेळ कारण देता येईल, मुलीच्या जातीने पाहुण्यांसमोर काय बोलावं वगैरे. पण हसण्याला कारण नाही. मला हसू आलं. वाक्य चांगलं होतं.

त्यातला शब्द न् शब्द त्याला कळला. तूच शिकवले होतेस ते. त्याने ओटीवरच्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं, सगळ्यांत शेवटी माझ्याकडे. मग कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाला, "बरं."

तो फाटकाबाहेर गेला. तू आत गेलीस आणि पोह्यांची दुसरी पातेली घेऊन आलीस. पाहुण्यांनी तिथेच होकार दिला.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर तू तांब्यात पेज घेऊन मळ्याकडे गेलीस, मी तुला जाताना पाहिलं. तासाभरात तसाच भरलेला तांब्या घेऊन परत आलीस. गुदाम झाडून ठेवलेलं होतं. तू पेज म्हशीला घातलीस. तो कुठे गेला ते आबांना आठवड्याने कळलं. पुण्याला कोणा मित्राच्या खोलीवर जमिनीवर झोपत होता आणि परीक्षेला बसला होता. पास झाला, चांगला पास झाला. बापाला जाऊन माती द्यायला बोट वेळेत मिळणं शक्यच नव्हतं. एप्रिलअखेर तो गेला. माझ्या हळदीच्या आदल्या आठवड्यात. आबांनी पुढे दोन पत्रं टाकली, उत्तर आलं नाही.

माझा संसार तुला ठाऊकच आहे. त्यात सांगण्यासारखं वाईट काही नाही, हेच मला पुष्कळदा असह्य होतं. ह्यांनी कधी हात उगारला नाही. तुला शेवटचे तीन महिने इथे आणून ठेवायचं त्यांनीच ठरवलं, तुझं पथ्य, तुझी औषधं, डॉक्टरकडे नेणं, सगळं स्वतः केलं. पण हे माणसांत बसले की तो किस्सा सांगतात. "आमच्या सासूबाई म्हणजे काय विचारता! मुलगी बघायला गेलो, तर तिथे एक काळाकुट्ट गडी आला..." तेरा वर्षं. ऑफिसातले लोक आले की, सत्यनारायणाला, पोरांच्या बारशाला. तुझा आवाज काढून सांगतात. लोक हसतात. मी चहा गाळत असते. तो गडी नव्हता हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, कारण मग पुढचंही सांगावं लागलं असतं. तूही समोर असलीस की पदर तोंडाला लावायचीस. सगळ्यांना वाटायचं, म्हातारी लाजली.

मग तो शेवटचा आठवडा. तुझ्या पोटात पाणी ठरत नव्हतं. दुपारी पोरं शाळेत होती, मी तुझे पाय चेपत होते. तू छताकडे बघत म्हणालीस, "शामूनं शेवटाला मला मदर म्हनलं व्हतं."

माझे हात थांबले. तू सांगत गेलीस. त्याच्या परीक्षेच्या दिवसांत तू मामाकडे जाते म्हणून निघालीस ती मामाकडे गेलीच नव्हतीस. एकटी पॅसेंजरमध्ये बसलीस, जन्मात पहिल्यांदा. पुण्याला उतरून विचारत विचारत कॉलेजच्या फाटकाशी गेलीस आणि दुपारपर्यंत झाडाखाली बसलीस. फडक्यात तांदळाच्या भाकरी आणि लसणाची चटणी. तो पोरांच्या घोळक्यातून बाहेर आला.

"म्या म्हनलं, शामू, चुकलं माजं. खाऊन घे. तर त्यो इंग्रजीत बोलला. म्या म्हनलं, आरं मराठीत बोल, मला कळंना. पुन्ना इंग्रजीतच. लय हळू बोलला, रागानं न्हाई. भाकरी दोनी हातानं माज्या हातात माघारी दिली. परतीला गाडीत म्याच खाल्ली ती. टाकू कशी?"

"काय बोलला?"

तू डोळे मिटलेस आणि एकेक अक्षर जपून म्हणालीस, एखाद्या मंत्रासारखं. तेरा वर्षं तू ते मनात म्हणत आली होतीस, विसरू नये म्हणून. "आय ह्याव... नो मदर हियर, म्याडम."

मग माझ्याकडे पाहिलंस. "मदर म्हंजी आई, येवडं मला म्हाईत हाय. बाकीचं तू सांग. तुला येतं इंग्रजी."

मला येत होतं. त्यानेच शिकवलं होतं. मी काहीही सांगू शकले असते. चावी माझ्याच हातात होती आणि तुझ्यात उलटतपासणीची ताकद नव्हती. आणि तू पुढे म्हणालीस, "समदं तुज्यापायीच केलं, शकू." ते तू नसतं म्हणालीस तर मी खोटं बोलले असते का? मला माहीत नाही. माझ्यापायी केलंस हे खरं होतं, म्हणूनच मला ते ऐकवेना. मला तुला मारावंसं वाटलं. पाच दिवस उरलेल्या आईला, पाय चेपता चेपता.

"तो म्हणाला, इथं मला आई नाही, बाई."

तू रडशील असं मला वाटलं. खरं सांगते, तू रडावंस असंच मला वाटत होतं. तू पांघरूण छातीपर्यंत ओढलंस. मग म्हणालीस, "बरुबर म्हनला." आणि पाणी मागितलंस. मी चमच्याने घातलं. ते पोटात ठरलं.

पुढचे पाच दिवस तू माझ्याशी नेहमीसारखी बोललीस. पोरांना हाका मारल्यास. माझ्या हातावर हात ठेवून झोपलीस. त्या वाक्याबद्दल एक अक्षर काढलं नाहीस, आणि मीही नाही. मी जे केलं त्याची माफी मागायला पाच दिवस पुष्कळ होते, आई. तू पुण्यापर्यंत तरी गेलीस. मी पलंगाच्या पायथ्यापासून उशाशीसुद्धा आले नाही.

तुझ्या दहाव्याला माणसं जेवून ओसरीवर बसली होती. तुझं कौतुक चाललं होतं. ह्यांनी पान तोंडात घातलं आणि सुरू केलं, "आमच्या सासूबाई म्हणजे काय विचारता..." मी आतून ऐकत होते. तुझा आवाज काढून ते वाक्य म्हणाले. माणसं दहाव्याचं भान ठेवून बेताने हसली. मी बाहेर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "त्याचा बाप खरंच गेला होता."

ह्यांना कळेना. "कोणाचा?"

मी सांगितलं. तो कोण होता, आमच्या घरी किती महिने राहिला, आईला काय म्हणायचा, आम्ही त्याला कुठे ठेवलं, त्याच्या हातात काय होतं. ह्यांनी पान थुंकलं, तोंड पुसलं. ते वाईट नाहीत, आई. त्यांचा चेहरा उतरला होता.

"पण तू तर हसली होतीस," ते म्हणाले. "तोवर तुला नकोच म्हणणार होतो मी. हसताना किती साधी, निर्मळ दिसलीस. तेवढ्यावर तर हो म्हणालो."